बलाचं पूर्ण नाव घ्या: बैल, गाडी आणि न्यूटनचा तिसरा नियम

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. नववीला तुम्ही न्यूटनचा तिसरा नियम शिकवलात आणि एका मुलीने विचारलं, "बैल गाडीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, तर मग गाडी हलतेच कशी?" तुम्ही सांगितलंत की ही दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत. वर्गाने माना डोलावल्या. पंधरा दिवसांनी चाचणीत "ट्रक आणि रिक्षाची टक्कर झाली, कोणी जास्त बल लावलं?" असं विचारलंत, तर बहुतेकांनी "ट्रकने" लिहिलं. नियम मात्र सगळ्यांनी शब्दन्‌शब्द बरोबर लिहिला होता. शिकवण्यात कुठे कमी पडलं, असं तुम्ही विचारताय.

तुमचं उत्तर बरोबर होतं. मी सातारा जिल्ह्यात आठवी ते दहावीला सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि पहिली आठ-दहा वर्षं अगदी हेच उत्तर दिलं. मुलांनी तशाच माना डोलावल्या आणि चाचणीत तसंच लिहिलं. अडचण नियमाच्या आधी सुरू होते. मुलांच्या डोक्यात "बल" या शब्दाचा जो अर्थ बसलेला असतो, त्यात तिसरा नियम मावतच नाही.

आपण घरीदारी कसं बोलतो ते बघा. "बैलात ताकद आहे." "पोरात जोर नाही." "बलवान माणूस." म्हणजे ताकद कोणाच्या तरी अंगात असते, कोणाकडे जास्त तर कोणाकडे कमी. मुलं शाळेत येऊन "ताकद"च्या जागी "बल" हा शब्द ठेवतात, अर्थ तोच राहतो. मग ट्रकमध्ये जास्त बल आणि रिक्षात कमी, हे त्यांना सरळच वाटतं. विज्ञानातलं बल असं कोणाच्या मालकीचं नसतं. ते दोन वस्तूंच्या मध्ये घडतं. टाळी एका हाताने वाजत नाही हे पोरांना पक्कं ठाऊक असतं, आणि टाळीत उजव्या तळव्याला जेवढं लागतं तेवढंच डाव्यालाही लागतं. बलाचा स्वभाव असाच आहे, एवढं आधी पटवावं लागतं.

दुसरा अडसर "क्रिया" आणि "प्रतिक्रिया" या शब्दांचा. मराठीत प्रतिक्रिया नेहमी नंतर येते. कोणी भाषण करतं, मग पत्रकार विचारतात, "यावर तुमची प्रतिक्रिया काय?" त्यामुळे मुलांना वाटतं की आधी बैल ओढतो आणि मग गाडी उत्तर देते. काहींना तर हा "करावे तसे भरावे" छापाचा न्याय वाटतो. खरं तर दोन्ही बलं एकाच क्षणी सुरू होतात, एकाच क्षणी संपतात, आणि त्यातल्या कोणाला क्रिया म्हणायचं ही आपली सोय असते.

न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध केलेल्या "प्रिन्सिपिया"त या नियमाच्या विधानाला दुसरा अर्धा भागही आहे. पहिला भाग आपण पाठ करतो तो, क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते असा. त्याला जोडूनच तो म्हणतो, म्हणजेच दोन वस्तूंच्या एकमेकींवरच्या क्रिया नेहमी समान आणि विरुद्ध दिशांना असतात. "एकमेकींवरच्या" हा शब्द सगळ्यात मोलाचा, आणि पाठांतरात नेमका तोच गळतो. त्याच्याखाली न्यूटनने दिलेली उदाहरणंही बघण्यासारखी आहेत. बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो. घोडा दोरीने दगड ओढतो तेव्हा घोडाही तितकाच दगडाकडे ओढला जातो. तुमच्या विद्यार्थिनीचा बैल आणि न्यूटनचा घोडा एकाच जागी उभे आहेत. हे तिला वर्गात सगळ्यांसमोर सांगा.

आता मी काय करतो ते सांगतो. पहिल्या तासाला मी "क्रिया" आणि "प्रतिक्रिया" हे शब्द फळ्यावर लिहीतच नाही. एकच सक्ती करतो: कुठल्याही बलाचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्यायचं, "कोणाचं, कोणावर". "बैलाचं बल" असं कोणी म्हटलं की थांबवतो. बैलाचं कोणावर? "बैलाचं गाडीवर." हे झालं पूर्ण नाव. मग जोडीदार शोधायला अक्कल लढवावी लागत नाही, नावांची अदलाबदल करायची: "गाडीचं बैलावर". "पायाचं जमिनीवर", जोडीदार "जमिनीचं पायावर". "बॅटचं चेंडूवर", जोडीदार "चेंडूचं बॅटवर". आपल्या भाषेने "चं" आणि "वर" हे दोन प्रत्यय हाताशी दिले आहेत, त्यांचा फायदा घ्यावा. मुलं याला "चं-वर" म्हणतात. वर्गात कोणी अर्धवट बोललं की मागून आवाज येतो, "चं-वर सांग!"

या सवयीने एक जुनी चूक आपोआप पकडली जाते. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाने दिलेला आधार ही प्रतिक्रिया, असं मीही कित्येक वर्षं शिकवलं, आणि ते चुकीचं होतं. पूर्ण नावं घ्या. वजन म्हणजे "पृथ्वीचं पुस्तकावर". त्याचा जोडीदार "पुस्तकाचं पृथ्वीवर", म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर खेचतं. आधार म्हणजे "टेबलाचं पुस्तकावर", त्याचा जोडीदार "पुस्तकाचं टेबलावर". म्हणजे या दोन निरनिराळ्या जोड्या झाल्या. वजन आणि आधार इथे समान आहेत ते पुस्तक स्थिर आहे म्हणून, तिसऱ्या नियमामुळे नव्हे. हेच पुस्तक वर निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वेग घेत असते त्या दोन सेकंदांत लिफ्टच्या तळाचा आधार वजनापेक्षा जास्त असतो. जोडीदार बलं मात्र लिफ्ट चालू असो की बंद, समानच राहतात. आणखी एक खूण मुलांना द्या: जोडीतली दोन्ही बलं एकाच जातीची असतात. एक गुरुत्वाचं असेल तर दुसरंही गुरुत्वाचंच, एक स्पर्शाचं तर दुसरंही स्पर्शाचंच.

आता बैलगाडी. इथे घाई करू नका, एक अख्खी तासिका द्या. "वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत म्हणून रद्द होत नाहीत" हे वाक्य खरं आहे, पण त्याने गाडी का हलते हे कळत नाही, ती का अडत नाही एवढंच कळतं. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात दोनच पात्रं आहेत, बैल आणि गाडी. तिसरं पात्र विसरलं गेलंय, ते म्हणजे जमीन.

मी फळ्यावर तीन चौकोन काढतो: बैलजोडी, गाडी, जमीन. मग आकडे देतो, कारण आकड्यांशिवाय हे मुलांच्या हातात येत नाही. बैलजोडीचं वस्तुमान 800 किलोग्रॅम, मालासकट गाडीचं 500 किलोग्रॅम. बैलांचं गाडीवर 400 न्यूटन, पुढे. म्हणून गाडीचं बैलांवर 400 न्यूटन, मागे. जमिनीचं गाडीवर 300 न्यूटन, मागे. चाकांना होणारा रस्त्याचा विरोध तो हा. आणि बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतात, म्हणून जमिनीचं बैलांवर 560 न्यूटन, पुढे.

मग सांगतो: गाडीचं काय होणार हे ठरवायचं असेल तर यादीतली ज्यांच्या शेवटी "गाडीवर" आहे तेवढीच बलं घ्या, बाकीच्यांवर हात ठेवा. गाडीवर पुढे 400, मागे 300, उरले 100. 500 किलोग्रॅमला 100 न्यूटन, म्हणजे त्वरण (दर सेकंदाला वेगात होणारा बदल, बल भागिले वस्तुमान) 0.2. आता "बैलांवर" असलेली घ्या. पुढे 560, मागे 400, उरले 160. 800 किलोग्रॅमला 160, त्वरण पुन्हा 0.2. दोघांचं त्वरण सारखं आलं की वर्गात हमखास गलका होतो, कारण बैल आणि गाडी एकत्र बांधलेले आहेत, म्हणजे ते सारखं यायलाच हवं होतं. इतका वेळ गाडी बैलांना 400 न्यूटनने मागे ओढतच होती, तरी सगळं पुढे गेलं. पुढे नेणारं बल जमिनीकडून आलं.

खेड्यातल्या पोरांना इथे लगेच आठवतं की ओल्या चिखलात बैल कितीही जोर करू दे, खूर घसरतात आणि गाडी जागची हलत नाही. डांबरी रस्त्यावर उसाची भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना लोखंडी नाल का ठोकतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. ताकद तीच, पण जमीन हातात येत नसेल तर काही उपयोग नाही. रस्सीखेचीचंही तसंच. दोर दोन्ही संघांना सारख्याच बलाने ओढतो, जिंकतो तो ज्याचे पाय जमिनीत रुततात. दोराचं वस्तुमान नगण्य धरायचं, हे मोठ्या वर्गात सांगा; नववीला त्याने गोंधळ वाढतो.

एखादा हुशार मुलगा विचारतो, "सर, मग बैल जमिनीला मागे ढकलतात, तर जमीन मागे जाते का?" हो, जाते. बैल 560 न्यूटनने मागे आणि गाडीची चाकं 300 न्यूटनने पुढे, म्हणजे पृथ्वीवर निव्वळ 260 न्यूटन मागे. पृथ्वीचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं इतके किलोग्रॅम. त्वरण काढायला लावा. मुलं शून्यं मोजत बसतात आणि त्या मोजण्यातच त्यांना उत्तर मिळतं.

ट्रक आणि रिक्षाकडे वळू. इथे मुलांचं निरीक्षण चुकीचं ठरवून सुरुवात केलीत तर ती गप्प होतात आणि मनात तेच धरून ठेवतात. रिक्षाचा चेंदामेंदा होतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून आधी मान्य करा: नुकसान रिक्षाचंच जास्त. मग विचारा, नुकसान आणि बल एकच का? भरलेला ट्रक 10,000 किलोग्रॅम, प्रवाशांसह रिक्षा 500 धरा. वीस पट फरक. दोघांवर बल सारखं, तेवढाच वेळ. मग ट्रकचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने बदलला तर रिक्षाचा 10 मीटरने बदलणार, म्हणजे क्षणात ताशी 36 किलोमीटरचा फरक. ट्रकवाल्याला ब्रेक लागल्यासारखा हिसका बसतो, रिक्षातली माणसं फेकली जातात. बल समान, परिणाम असमान, कारण वस्तुमान असमान. म्हणजे तिसऱ्या नियमानंतर लगेच दुसरा नियम (बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण, हा) पुन्हा हातात घ्यावा लागतो. आपण ते धडे वेगळे शिकवतो आणि मुलं ते वेगळेच ठेवतात.

ही अडचण एकट्या तुमच्या वर्गाची नाही, हेही सांगतो. अमेरिकेत डेव्हिड हेस्टनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली बलाच्या संकल्पनांची एक चाचणी प्रसिद्ध केली, "फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी" नावाची. त्यातही मोठा ट्रक आणि छोटी कार यांच्या टकरीचा प्रश्न आहे. सूत्रं वापरून गणितं सोडवणारी कॉलेजातली मुलंही अशा प्रश्नांवर अडखळतात, हे या चाचणीमुळे जगभरच्या शिक्षकांच्या नजरेस आलं.

प्रयोगांबद्दल. मला तीन पुरतात.

पहिला पाच मिनिटांचा. टेबलावर सात-आठ गोल स्केचपेन समांतर मांडा, त्यांवर हलका लांब पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर मागे ओढून सोडायची खेळण्यातली गाडी. गाडी सुटली की ती पुढे जाते आणि पुठ्ठा मागे पळतो. आमच्या वर्गात एक मुलगा ओरडला होता, "सर, रस्ता पळाला!" तेव्हापासून मी या प्रयोगाला तेच नाव दिलंय. बैल आणि जमीन शिकवण्याआधी हा करा. पुठ्ठा जड असेल तर काही दिसत नाही, म्हणून वहीच्या पाठीमागचा घ्या.

दुसरा दोन ताणकाट्यांचा, एकमेकांत अडकवून ओढण्याचा. हा पुस्तकी प्रयोग आहे, पण त्यात एक खोच आहे. ताणकाटे आडवे धरले की शून्यावरून थोडे सरकतात, म्हणून आडवे धरूनच दोन्हींचं शून्य तपासून घ्या, नाहीतर आकडे वेगळे येतात आणि मुलं म्हणतात नियम खोटा. आणि एका टोकाला मुलाऐवजी खिडकीचा गज द्या. "गज कसा ओढेल? त्याला हात कुठे आहेत?" ही चर्चा होऊ द्या, कारण निर्जीव वस्तू बल लावते हे पटणं हाच अर्धा धडा आहे. दोन्ही काटे सारखाच आकडा दाखवतात.

तिसरा माझा सगळ्यात आवडता, आणि यात आकडे स्वतः बोलतात. किराणा तोलायचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याने अर्धं भरलेलं रुंद भांडं. समजा काटा 600 ग्रॅम दाखवतो. आता आपल्या सह्याद्रीतला एक काळा दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगा. समजा 280 ग्रॅम भरला. वर्गाला विचारा: दगड पाण्यात बुडवला, पण तळाला टेकू दिला नाही, तर वरचा काटा काय दाखवेल? बहुतेक सांगतात, कमी दाखवेल. उत्प्लावक बल, म्हणजे पाणी बुडलेल्या वस्तूला वर ढकलतं ते, त्यांना माहीत असतं. मग विचारा, खालचा काटा? इथे वर्गात दोन तट पडतात. "दगड तर दोऱ्यावर टांगलाय, खाली कसा भार येईल?" हात वर करून मतं घ्या, फळ्यावर लिहा, आणि मगच दगड बुडवा. वरचा काटा 280 वरून 180 च्या आसपास उतरतो आणि खालचा 600 वरून 700 च्या आसपास चढतो. वर जेवढं घटलं तेवढंच खाली वाढलं. पाण्याचं दगडावर, वर. दगडाचं पाण्यावर, खाली. दोन-चार ग्रॅम इकडे-तिकडे होतील, ते का होतात हेही मुलांनाच शोधू द्या. दगड भांड्याच्या कडेला लागला तर सगळं फसतं, तेवढं सांभाळा. ताणकाटा नसेल तर नुसतं बोट पाण्यात बुडवून खालचा आकडा वाढलेला दाखवा, तेही चालतं.

फुग्याच्या रॉकेटने मात्र सुरुवात करू नका. ते दिसतं झकास, पण मुलं त्यातून उलटाच अर्थ काढतात की फुग्यातली हवा बाहेरच्या हवेला ढकलते म्हणून फुगा जातो. मोठ्यांनाही ही चूक झाली आहे. अमेरिकन रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी रॉकेट निर्वात पोकळीतही चालेल असं म्हटलं, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने 13 जानेवारी 1920 च्या अग्रलेखात त्यांची खिल्ली उडवली होती. ढकलायला हवा नसेल तर रॉकेट पुढे कसं जाणार, असा तो मुद्दा. अपोलो 11 चंद्राकडे निघाल्यावर, 17 जुलै 1969 रोजी त्या वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली. इथेही पूर्ण नाव घ्या: "रॉकेटचं वायूवर", जोडीदार "वायूचं रॉकेटवर". बाहेरच्या हवेचं नाव या जोडीत कुठेच येत नाही. "चं-वर" पक्कं झालं की मग फुगा खुशाल आणा.

यातलं काय करायचं हे तुमच्या परिस्थितीवर आहे. साठ मुलांचा वर्ग आणि दोनच तासिका असतील तर पुठ्ठ्याचा प्रयोग, बैलगाडीचे आकडे आणि ट्रक-रिक्षा एवढंच घ्या, बाकी सोडा. शहरातल्या मुलांनी बैल जुंपलेला पाहिलेला नसेल तर हातगाडी ढकलणारा भाजीवाला घ्या, तो जमिनीला पायाने मागे रेटताना दिसतो. ज्या मुलांना बेरीज-वजाबाकीतली अधिक-उणे चिन्हंच घसरतात, त्यांच्याकडून बाणांच्या आकृत्या काढून घ्या आणि आकडे नंतर द्या. आणि परीक्षेत व्याख्या मागितली तर पाठ्यपुस्तकातल्या शब्दांतच लिहायला सांगा. "क्रिया बल" आणि "प्रतिक्रिया बल" हे शब्द मी दुसऱ्या तासाच्या शेवटी देतो, "आपल्या जोडीदारांना पुस्तकात हे नाव आहे" असं म्हणून. तोवर आशय आत गेलेला असतो, त्यामुळे शब्द बिघडवत नाहीत.

पुन्हा चाचणी घ्याल तेव्हा नियम लिहायला देऊ नका. हे तीन प्रश्न द्या. झाडावरून 200 ग्रॅमचा आंबा पडतोय; पृथ्वी त्याला साधारण 2 न्यूटनने ओढते, तर आंबा पृथ्वीला किती बलाने ओढतो? एक मुलगी नावेतून धक्क्यावर उडी मारते आणि नाव मागे सरकते. त्या जोडीतली दोन्ही बलं पूर्ण नावांनी लिहा. आणि तिसरा: बैलगाडी आता सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालली आहे, रस्त्याचा गाडीला विरोध अजूनही 300 न्यूटन आहे, तर बैल गाडीला किती बलाने ओढत असतील? तिसऱ्याला पुष्कळजण 400 लिहितील. वेग बदलत नसेल तर पुढची-मागची बलं समान असतात, हे पहिला नियम सांगतो; पण गाडी चालू ठेवायला जास्तीचं बल लागतंच, हा समज त्या नियमाच्या वेळचा आहे आणि तो इतक्या लवकर जात नाही. ज्यांनी 300 लिहिलं त्यांच्यापैकी एकाला फळ्यापाशी बोलवा आणि बाकीच्यांना समजावून सांगायला लावा. जमलं तर त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच बोलवा.